खोसांचा वारसा आणि त्याची दप्तरे : दोनशे वर्षांची पार्श्वभूमी

दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात मखांडा नावाचे गाव आहे. २०१८ पर्यंत त्याचे नाव ग्रॅहम्सटाउन होते. तेथील ऱ्होड्स विद्यापीठाच्या आवारात खोसा समाजाच्या वारशाचे दोन मोठे संग्रह आहेत. कोरी ग्रंथालयात मिशनांची दप्तरे, लव्हडेल शिक्षणसंस्थेची कागदपत्रे आणि जुनी खोसा पुस्तके आहेत, तर आफ्रिकी संगीताच्या आंतरराष्ट्रीय ग्रंथालयात गावोगाव फिरून केलेली ध्वनिमुद्रणे आहेत. याच प्रांतातील फोर्ट हेअर विद्यापीठ, किंग विल्यम्स टाउनचे (२०२१ पासून या गावाचे नाव कोन्से) अमाथोले संग्रहालय आणि दूर केप टाउनमधील राष्ट्रीय ग्रंथालय येथेही या ठेव्याचे भाग विखुरलेले आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार ८० लाखांहून अधिक लोकांची मातृभाषा असलेल्या या भाषेचे साहित्य, संगीत आणि धर्मपरंपरा अशा निरनिराळ्या कपाटांत का विभागल्या गेल्या, त्यांतले काय टिकले आणि काय गेले, हे समजून घ्यायचे तर दोनशे वर्षे मागे जावे लागते. या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. छापखाना, ध्वनिमुद्रणाची यंत्रे आणि सरकारी फायली बहुतेक काळ परक्यांच्या ताब्यात होत्या. तरीही जतनाचा विचार खोसा माणसांनी स्वतः केला, आणि तो फार लवकर केला.

खोसा अक्षरे छापली जाण्याच्या आधी न्त्सिकाना यांची गाणी होती. त्यांचा जन्म १७८० च्या सुमाराचा आणि मृत्यू १८२१ चा. ते राजा न्गिका यांच्या प्रदेशातले, गुरेढोरे बाळगणारे, नाचगाण्यात आणि वक्तृत्वात नाव असलेले गृहस्थ होते. परंपरा अशी सांगते, की एके दिवशी सकाळी गोठ्यापाशी उभे असताना त्यांच्या हुलुशे नावाच्या लाडक्या बैलाच्या अंगावर नेहमीपेक्षा प्रखर किरण पडलेला त्यांना दिसला. त्याच दिवशी एका समारंभात ते नाचायला उठले की वारा सुटायचा आणि बसले की पडायचा. घरी परतताना त्यांनी वाटेतल्या नदीत उतरून अंगाला लावलेली तांबडी माती धुऊन टाकली. पुढे त्यांनी स्वतःच्या वस्तीवर सकाळ-संध्याकाळची प्रार्थना सुरू केली. त्यांचा बाप्तिस्मा कधीच झाला नाही आणि कोणत्याही मिशनाच्या अधिकाराखाली त्यांची ही उपासना चालली नाही. लोकांना बोलावण्यासाठी घंटा नव्हती, म्हणून ते दारात उभे राहून ‘सेले! अहोम, अहोम, अहोम’ अशी साद घालीत. या गाण्याला आजही ‘न्त्सिकानाची घंटा’ म्हणतात. त्यांच्या मोठ्या स्तोत्रात देवाला ढाल, गढी आणि आसऱ्याचे रान म्हटले आहे. त्याची घडण इझिबोंगोची, म्हणजे राजे आणि पूर्वज यांच्या स्तुतीसाठी वापरल्या जाणाऱ्या खोसा प्रशस्तिकाव्याची आहे. ख्रिस्ती आशय आणि अस्सल खोसा काव्यरूप यांची ही पहिली मोठी भेट मानली जाते, आणि ती मिशनच्या शाळेबाहेर झाली हे मला फार महत्त्वाचे वाटते.

न्त्सिकाना यांच्या मृत्यूनंतर त्यांचे अनुयायी त्युमे नदीकाठच्या मिशनवस्तीकडे गेले आणि गाणीही त्यांच्याबरोबर तिकडे पोहोचली. मोठ्या स्तोत्राचे शब्द १८२८ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या जॉन फिलिप यांच्या ग्रंथात छापून आले. चाली मात्र आणखी अर्धशतक लोकांच्या गळ्यातच राहिल्या. ग्रॅहम्सटाउनला आज ज्यांचे नाव आहे ते मखांडा न्क्सेले हे न्त्सिकाना यांचे समकालीन आणि प्रतिस्पर्धी संदेष्टे होते. १८१९ मध्ये त्यांनी या गावावर चढाई केली, त्यानंतर त्यांना रॉबेन बेटावर कैदेत ठेवण्यात आले आणि १८२० मध्ये तेथून निसटताना ते बुडाले. त्यांच्या शिकवणुकीबद्दल आपल्यापर्यंत जे पोहोचले ते बरेचसे विरोधकांच्या लेखणीतून आले. एकाच पिढीतील दोन धर्मपुरुषांपैकी एकाची गाणी शब्दशः उरली आणि दुसऱ्याची वाणी परक्यांच्या वृत्तान्तांतच शोधावी लागते. पुढच्या साऱ्या दप्तरांचा तोल कोणत्या बाजूला कलणार होता, हे यावरून दिसते.

डिसेंबर १८२३ मध्ये ग्लासगो मिशनरी सोसायटीचे जॉन रॉस यांनी एक छोटा हातछापखाना त्युमेच्या वस्तीवर आणला. तेथे आधीपासून असलेल्या जॉन बेनी यांनी खोसा ध्वनींसाठी रोमन अक्षरे ठरवण्याचे काम हाती घेतले होते. जिभेने टाळूवर, दातांवर आणि गालाच्या बाजूला काढल्या जाणाऱ्या ‘टचकारी’ ध्वनींसाठी इतरत्र फारसा उपयोग नसलेली रोमन अक्षरे त्यासाठी वापरात आली. यंत्र पोहोचल्यावर काही दिवसांतच मुळाक्षरांच्या पन्नास प्रती निघाल्या. पुढच्या वर्षी जवळच नवी मिशनवस्ती उभी राहिली आणि सोसायटीच्या डॉ. जॉन लव्ह यांच्या नावावरून तिला लव्हडेल हे नाव मिळाले. सरहद्दीवरील १८३४-३५ आणि १८४६-४७ च्या युद्धांत या मिशनांची आणि छापखान्याची वाताहत झाली. १८४१ मध्ये उघडलेल्या लव्हडेलच्या शिक्षणसंस्थेच्या इमारती १८४६ मध्ये सैन्याच्या ताब्यात गेल्या होत्या. छपाई आणि पुस्तकबांधणीचे विभाग तेथे स्थिरपणे सुरू झाले ते १८६१ मध्ये.

अशा परिस्थितीत पहिल्या काही दशकांतील छापील कागद टिकले, याचे एक कारण म्हणजे केप वसाहतीचे गव्हर्नर सर जॉर्ज ग्रे यांचा संग्रहाचा ध्यास. आफ्रिकी भाषांतील छापील साहित्य त्यांनी जाणीवपूर्वक गोळा केले, भाषाशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्लीक यांच्याकडून त्याची सूची करून घेतली आणि १८६१ मध्ये तो संग्रह केप टाउनच्या सार्वजनिक ग्रंथालयाला दिला. आज तो राष्ट्रीय ग्रंथालयाचा भाग आहे. याच ग्रे यांच्या कारकिर्दीत, १८५६-५७ च्या गोहत्येच्या (एका भविष्यवाणीवर विसंबून खोसांनी आपलीच गुरे मारली होती) आणि दुष्काळाच्या अरिष्टानंतर, खोसांची जमीन आणि राजांची सत्ता मोठ्या प्रमाणावर मोडीत निघाली. ज्या प्रशासनाने खोसांचा राज्यकारभार उखडला त्याच्याच प्रमुखाने त्यांचे छापील शब्द जपले, ही वस्तुस्थिती या संग्रहाचा कोणताही अभ्यासक बाजूला ठेवू शकत नाही.

मिशनांच्या छपाईचा मोठा वाटा अर्थातच धर्मग्रंथांचा होता. १८४६ मध्ये नवा करार आणि १८५९ मध्ये संपूर्ण बायबल खोसात आले. तथापि साहित्याच्या दृष्टीने निर्णायक ठरली ती नियतकालिके. १८३७ मध्ये वेस्लियन मिशनऱ्यांनी काढलेले पत्र खोसातील पहिले मानले जाते. ऑगस्ट १८६२ मध्ये लव्हडेलहून ‘इंदाबा’ निघाले आणि त्याच्या पहिल्याच अंकात तियो सोगा यांनी टोपणनावाने एक लेख लिहिला. सोगा हे न्त्सिकाना यांच्या एका प्रमुख अनुयायाचे पुत्र. १८५६ मध्ये स्कॉटलंडमध्ये दीक्षा घेऊन ते पहिले कृष्णवर्णीय दक्षिण आफ्रिकी धर्मोपदेशक झाले होते. त्या लेखात त्यांनी वर्तमानपत्राकडे बातमीच्या कागदापेक्षा पुष्कळ मोठ्या अपेक्षेने पाहिले. पूर्वजांच्या कथा, राजांची चरित्रे, चालीरीती, जुन्या लढायांच्या आठवणी हे सारे वृद्धांबरोबर नाहीसे होईल, म्हणून ज्याला जे ठाऊक आहे त्याने ते या पात्रात आणून ओतावे, असे त्यांचे आवाहन होते. खोसा वारशाच्या जतनाचा पहिला छापील आराखडा याच लेखात आहे असे मी मानतो. विद्यापीठे, संग्रहालये आणि मानववंशशास्त्रज्ञ येण्याच्या कितीतरी आधी एका खोसा धर्मोपदेशकाने आपल्या वाचकांना हे काम सांगितले होते.

‘इंदाबा’ १८६५ मध्ये बंद पडले, पण आवाहन वाया गेले नाही. १८७० पासून १८८८ पर्यंत चाललेल्या ‘इसिगिदिमी समाखोसा’ या पत्रात इतिहास, वाद, कविता आणि म्हणींचे विवेचन यांची भर पडत गेली. त्याचे अखेरचे संपादक विल्यम वेलिंग्टन ग्कोबा यांनी गोहत्येच्या अरिष्टाची हकीकत खोसा बाजूने लिहून ठेवली आणि शिक्षणावरील लांबलचक काव्यमय संवाद रचले. १८८२ मध्ये याच पत्रात आयझॅक वॉशोप यांची एक कविता आली: तुझी गुरे हाकून नेली आहेत, बंदूक ठेव आणि लेखणी उचल, असा तिचा आशय होता. वॉशोप यांचा अंत १९१७ च्या फेब्रुवारीत मेंडी हे सैनिकी मजुरांचे जहाज इंग्लिश खाडीत बुडाले तेव्हा झाला. १८८४ मध्ये जॉन टेंगो जबावू यांनी किंग विल्यम्स टाउनहून ‘इम्वो झाबान्त्सुंदू’ काढले आणि मिशनच्या नियंत्रणाबाहेर खोसा लेखनाला पहिली जागा मिळाली. १८९७ मध्ये ईस्ट लंडनहून त्याचे प्रतिस्पर्धी ‘इझ्वी लाबान्तू’ आले.

वर्तमानपत्राचा कागद लवकर पिवळा पडतो आणि त्याचे अंक घरोघरी राहत नाहीत, हे वॉल्टर रूबुसाना यांनी ओळखले होते. १९०५ मध्ये सुधारित खोसा बायबलच्या छपाईच्या कामासाठी ते इंग्लंडला गेले आणि १९०६ मध्ये त्यांनी तेथेच ‘झेम्क’ इनकोमो मग्वालांदिनी’ हा पाचशेहून अधिक पानांचा संग्रह छापून घेतला. भित्र्यांनो, गुरे चालली, हे त्या नावामागचे जुने रणघोषाचे वाक्य. जुन्या अंकांतील लेख, म्हणी, इतिहासाची टिपणे आणि राजघराण्यांच्या प्रशस्ती त्यांनी एकत्र केल्या. या प्रशस्तींचे मूळ रूप लिखित नव्हते. इम्बोंगी म्हणजे राजाच्या दरबारातला प्रशस्तिकवी समोरच्या प्रसंगाला धरून उभ्या उभ्या रचना करतो. तो राजाची थोरवी गातो, तसाच त्याचा दोषही लोकांदेखत दाखवतो, आणि तीच प्रशस्ती दुसऱ्या दिवशी निराळी असते. रूबुसाना यांच्या पुस्तकात त्या प्रवाहातील एकेक क्षण गोठवला गेला. आवाज, वेग, अंगविक्षेप आणि श्रोत्यांचे हुंकार कागदावर उतरले नाहीत; तरीही हे पुस्तक नसते तर अनेक राजांच्या प्रशस्तींचा एकोणिसाव्या शतकातील पाठ आज कोणालाच मिळाला नसता.

संगीताच्या बाबतीत मिशनशाळांनी टॉनिक सोल-फा ही अक्षरलिपी आणली. भातखंडे पद्धतीची स्वरलिपी वाचणाऱ्याला तिचे तत्त्व लगेच कळेल: रेषांवरच्या ठिपक्यांऐवजी स्वरांची आद्याक्षरे आणि मात्रांसाठी विरामचिन्हे. छपाईला स्वस्त आणि शिकायला सोपी असल्यामुळे ही लिपी खोसा समाजात इतकी रुजली, की समूहगायनाची संपूर्ण परंपराच तिच्यावर उभी राहिली. लव्हडेलमध्ये शिकलेले आणि तेथेच काम केलेले जॉन नॉक्स बोक्वे यांनी १८७० च्या दशकाच्या अखेरीस न्त्सिकाना यांच्या चाली वृद्धांच्या तोंडून ऐकून या लिपीत उतरवल्या. पुढे १८८५ मध्ये लव्हडेलच्या गीतसंग्रहात स्वतःच्या रचनाही प्रसिद्ध केल्या आणि न्त्सिकाना यांचे चरित्रही लिहिले. तोवर खोसा ख्रिस्ती मंडळी स्कॉटिश आणि इंग्लिश चालींवर खोसा शब्द बसवून गात असत, आणि खोसा शब्दांचे स्वराघात त्या चालींत पार बिघडत. बोक्वे यांनी लिहिलेल्या चालींत शब्दांचा स्वाभाविक चढउतार पाळलेला आहे.

बोक्वे यांचे लेखन कितपत अचूक होते, याची परीक्षा शंभर वर्षांनी झाली. कॅथलिक धर्मगुरू आणि संगीतसंशोधक डेव्ह डार्गी लुम्को मिशनसंस्थेच्या वतीने १९७९ नंतर लेडी फ्रेअर भागात ध्वनिमुद्रण करत होते, तेव्हा त्यांना न्त्सिकाना यांचे गाणे उहादीच्या साथीने गाणारे लोक खेड्यांत भेटले. उहादी हे एकतारी धनुर्वाद्य. साधारण दीड मीटर लांबीच्या धनुष्याला तार ताणलेली असते, खालच्या टोकाजवळ भोपळा बांधलेला असतो आणि वादिका गवताच्या काडीने तारेवर आघात करते. तार मोकळी ठेवली की एक मूळ स्वर आणि बोटांच्या चिमटीत धरली की त्याहून सुमारे एक स्वर वरचा, असे दोनच मूळ स्वर तिच्याकडे असतात; पण भोपळ्याचे उघडे तोंड छातीशी जवळ-दूर करून ती त्यांतील निरनिराळे उपस्वर उमटवते आणि त्यांतूनच संपूर्ण गाण्याची चौकट तयार होते. उहादीवरची ती गाणी ऐकल्यावर बोक्वे यांच्या छापील चालीमागे हीच धनुर्वाद्याची स्वरव्यवस्था आहे हे स्पष्ट झाले. कागदावरची आणि गळ्यातली अशा दोन स्वतंत्र वाटांनी आलेले एकच गाणे एकमेकांची साक्ष देते, असे उदाहरण मौखिक परंपरांच्या अभ्यासात विरळाच सापडते.

डार्गी यांच्या ध्वनिमुद्रणांत न्गकोको गावच्या स्त्रियांचे गायन विशेष आहे. नोफिनिशी डिविली या तेथील थोर उहादीवादक आणि गायिका होत्या. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच गावात १९८० मध्ये डार्गी यांना ‘उम्नकोकोलो’ ही गायनपद्धती आढळली. तीत एकच गायिका घोगऱ्या खर्जाबरोबर शिटीसारखे वरचे उपस्वर एकाच वेळी काढते. तोपर्यंत संगीतशास्त्रात अशा गायनाची चर्चा मुख्यतः मंगोलिया आणि तुवा यांच्या संदर्भात होत असे. एवढे वैशिष्ट्यपूर्ण गायन दीडशे वर्षांच्या मिशन-दप्तरांत का नोंदले गेले नाही, याचे उत्तर कठीण नाही: लाल माती लावणाऱ्या, शाळेत न जाणाऱ्या खेडुतांचे गाणे मिशनच्या दृष्टीने जपण्याजोगे नव्हते.

ध्वनिमुद्रणाचा मोठा पाया त्याआधीच ह्यू ट्रेसी यांनी घातला होता. १९५४ मध्ये त्यांनी आफ्रिकी संगीताच्या आंतरराष्ट्रीय ग्रंथालयाची स्थापना केली आणि १९५७ मध्ये ईस्टर्न केपमधील खोसा गावांत ध्वनिमुद्रणे केली. मायक्रोफोन एका जागी न रोवता ते तो हातात धरून गायकाकडून वादकाकडे फिरवीत, त्यामुळे त्यांच्या मुद्रणांत प्रत्येक आवाज जवळून ऐकू येतो. त्यांच्या ‘साउंड ऑफ आफ्रिका’ मालिकेत २१० तबकड्या आहेत आणि प्रत्येक गाण्याचे गाव, भाषा, प्रकार, वाद्य यांची नोंद कार्डावर केलेली आहे. त्यांच्या मृत्यूनंतर १९७८ मध्ये हा संग्रह ऱ्होड्स विद्यापीठात आला. ट्रेसी यांना आफ्रिकी संगीताविषयी अपार आस्था होती. खाणकंपन्यांचा आणि वसाहती प्रशासनांचा पाठिंबा घेऊन त्यांनी काम केले हेही खरे, आणि शहरात घडणारे नवे संगीत त्यांना पुष्कळदा भेसळीचे वाटे. त्यामुळे या संग्रहात खेड्यांतील जुने वळण भरपूर मिळते, पण ईस्ट लंडन किंवा पोर्ट एलिझाबेथच्या वस्त्यांतील वाद्यवृंद आणि गायकमंडळे फारशी भेटत नाहीत.

खोसा गाण्यांमधील सर्वांत प्रसिद्ध रचनेची कथाही नुकसानीनेच सुरू होते. ईनॉक सोन्टोंगा यांनी १८९७ मध्ये जोहान्सबर्गजवळ शिक्षक असताना ‘न्कोसी सिकेलेल’ आफ्रिका’चे पहिले कडवे आणि धृपद रचले. आपली गाणी ते हाताने एका वहीत लिहीत. ती वही आज उपलब्ध नाही. १९०५ मध्ये, जेमतेम तिशी ओलांडलेली असताना, ते वारले. गाणे टिकले ते गायकमंडळांमुळे. ८ जानेवारी १९१२ रोजी ब्लूमफाँटेन येथे पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस झालेल्या संघटनेची स्थापना झाली, तेव्हा तियो सोगा यांच्या ‘लिझालिस’ इदिंगा लाखो’ या स्तोत्राबरोबर सोन्टोंगा यांचे गाणेही गायले गेले. १९२३ मध्ये सॉल प्लात्ये यांनी लंडनमध्ये त्याची पहिली ध्वनिमुद्रिका केली आणि १९२७ मध्ये एस. ई. के. म्कायी यांनी त्यात सात कडव्यांची भर घातली. हे गाणे राष्ट्रगीत झाल्यानंतरही रचनाकाराची कबर कोठे आहे हे कोणाला सांगता येत नव्हते. ब्रामफाँटेन दफनभूमीच्या नोंदवहीत त्यांचे नाव आडनावाने न लिहिता ‘ईनॉक’ एवढेच लिहिले होते. तो उलगडा झाल्यावर २४ सप्टेंबर १९९६ रोजी ती जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाली.

म्कायी (१८७५-१९४५) हे खोसा साहित्यातील सर्वांत मोठे नाव. साऱ्या राष्ट्राचा इम्बोंगी म्हणून ते ओळखले जात, आणि १९३८ मध्ये हील्डटाउन शाळेत कातड्याचा पोशाख करून आलेल्या म्कायींना ऐकल्याचा प्रसंग नेल्सन मंडेला यांनी सविस्तर सांगितला आहे. इतक्या मोठ्या लेखकाची १९०७ मधील ‘उसॅमसन’ ही पहिली कथा मात्र पूर्ण नाहीशी झाली आहे. तिची एकही प्रत ज्ञात नाही. त्यांचे आत्मचरित्र १९३८ मध्ये आधी जर्मन अनुवादात प्रसिद्ध झाले आणि खोसा मूळ पुढच्या वर्षी लव्हडेलहून आले. खोसा वाचकांसाठी पुस्तक छापू शकणारी जागा जवळजवळ एकच होती, आणि ती मिशनची होती. लव्हडेल छापखान्याची सूत्रे दीर्घकाळ रॉबर्ट शेफर्ड यांच्याकडे होती. त्यांच्या काळात ए. सी. जॉर्डन यांची ‘इंगकुम्बो येमिन्यान्या’ (१९४०) ही श्रेष्ठ कादंबरी प्रसिद्ध झाली, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण धर्माला बाधक किंवा राजकीयदृष्ट्या अडचणीची वाटणारी हस्तलिखिते परत जात, हेही कोरी ग्रंथालयातील छापखान्याच्या पत्रव्यवहारातून उघड होते. नाकारलेल्या पुस्तकांचा पुरावा नाकारणाऱ्याच्याच दप्तरात जपला गेला, म्हणून आज त्यांच्याविषयी काही बोलता तरी येते.

यात दोन सरकारी निर्णयांनी भर घातली. १९३६ मध्ये खोसासाठी नवी लेखनपद्धती लागू करण्यात आली आणि १९५५ मध्ये ती पुन्हा बदलली. परिणामी आधीची पुस्तके शाळांसाठी जुनी झाली आणि नव्याने जुळवली जाताना अनेकदा संक्षिप्तही झाली. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने मिशनशाळा सरकारने ताब्यात घेतल्या. लव्हडेलचे जुने स्वरूप संपले, कागदपत्रे हलवली गेली आणि खोसा पुस्तकांचा बाजार शालेय क्रमिक पुस्तकांपुरता आक्रसला. पाठ्यपुस्तक म्हणून मंजूर न होणारे लेखन छापायला कोणी धजेना.

या सर्व अडथळ्यांच्या बाहेर राहिलेला एक आवाज वर्तमानपत्रात दबून पडला होता. नोंत्सिझी म्ग्वेथो या कवयित्रीने १९२० ते १९२९ या काळात जोहान्सबर्गच्या ‘उम्तेतेली वा बान्तू’ या पत्रात शंभराच्या आसपास कविता लिहिल्या. हे पत्र खाणमालकांच्या संघटनेच्या पैशावर चालत असे. तिच्या कविता मात्र गोऱ्या सत्तेला, परस्परांत भांडणाऱ्या कृष्णवर्णीय पुढाऱ्यांना आणि ढोंगी ख्रिस्ती मंडळींना सारख्याच निर्भीडपणे जाब विचारतात, तेही इम्बोंगीच्या आवेशात. ही भूमिका परंपरेने पुरुषांची, आणि याची जाणीव तिच्या कवितांतच व्यक्त झाली आहे. १९२९ नंतर तिचे काय झाले याची नोंद नाही. तिने पुस्तक काढले नाही, म्हणून वाङ्मयेतिहासांत तिला जागा मिळाली नाही. इम्बोंगींच्या ध्वनिमुद्रणांचा आणि जुन्या खोसा नियतकालिकांचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या जेफ ऑपलँड यांनी तिच्या कविता अंकांमधून वेचून २००७ मध्ये इंग्रजी अनुवादासह प्रसिद्ध केल्या. सोगा यांनी ज्या पात्राची कल्पना केली होती त्यातला ऐवज ऐंशी वर्षांनी बाहेर काढता आला, तोही अंक कोणीतरी बांधून ठेवले होते म्हणूनच.

धार्मिक वारशाच्या बाबतीत परिस्थिती सर्वांत बिकट आहे. मिशनांपासून अलग झालेल्या स्वतंत्र आफ्रिकी चर्चेसनी आपली स्तोत्रे, प्रवचने आणि दर्शने बहुतांशी मौखिक ठेवली. लिखित नोंद झाली ती पोलीस, दंडाधिकारी आणि वेड्यांच्या इस्पितळातील डॉक्टर यांच्याकडून. ईनॉक म्गिजिमा यांच्या इस्रायली पंथाचे लोक क्वीन्सटाउनजवळ न्ताबेलांगा येथे जगाच्या अंताची वाट पाहत एकत्र राहिले होते. २४ मे १९२१ रोजी पोलिसांनी त्यांच्यावर गोळीबार केला आणि दीडशेहून अधिक माणसे मारली गेली. पंथाचा पवित्र कराराचा कोश, म्हणजे बायबलातील पवित्र पेटीचे प्रतीक, त्यानंतर त्यांच्या हातून गेला. तो ग्रॅहम्सटाउनच्या अल्बनी संग्रहालयात राहिला आणि १९९० च्या दशकात पंथाला परत मिळाला.

नोंथेथा न्क्वेंक्वे यांची हकीकत याहून अधिक क्लेशदायक आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत आजारी असताना त्यांना दर्शने झाली आणि बरे झाल्यावर त्या उपदेश करू लागल्या. दारू सोडा, एकजूट राखा, मुलांना शिकवा, असे त्या सांगत. स्वतः निरक्षर असलेल्या या बाईंच्या सभांना गर्दी होऊ लागली, म्हणून १९२२ मध्ये सरकारने त्यांना फोर्ट ब्यूफर्टच्या मनोरुग्णालयात टाकले आणि पुढे सुमारे एक हजार किलोमीटर दूर प्रिटोरियाला हलवले. अनुयायी त्यांच्या भेटीसाठी पायी प्रिटोरियापर्यंत गेले. १९३५ मध्ये त्या तेथेच वारल्या आणि निनावी कबरीत पुरल्या गेल्या. इतिहासकार रॉबर्ट एडगर आणि हिलरी सपायर यांनी इस्पितळाच्या व दफनभूमीच्या नोंदी तपासून कबरीची जागा निश्चित केली आणि १९९८ मध्ये अस्थी त्यांच्या खुलिले गावी आणून पुन्हा पुरण्यात आल्या. ज्या फायली त्यांना वेडी ठरवण्यासाठी लिहिल्या गेल्या त्यांच्याच आधारे त्यांच्या मंडळींना त्यांची माता परत मिळाली. अशा फायली वाचताना डॉक्टरांची प्रत्येक नोंद तपासून घ्यावी लागते, आणि तिच्या शेजारी चर्चमधल्या वृद्धांची आठवण ठेवावीच लागते. एकट्या फाइलवरून लिहिलेला नोंथेथांचा इतिहास हा त्यांच्यावर दुसऱ्यांदा झालेला अन्याय ठरेल.

१९९४ मध्ये वर्णभेदी राजवट संपल्यानंतर संस्थांच्या कामाची दिशा बदलली. आफ्रिकी संगीताच्या ग्रंथालयाने जुनी ध्वनिमुद्रणे डिजिटल स्वरूपात आणून ती ज्या समाजांतून घेतली गेली त्यांच्याकडे परत नेण्याचे काम सुरू केले. ऑपलँड यांच्या संग्रहावर आधारित ग्रंथमालेत ग्कोबा आणि इम्बोंगी डेव्हिड याली-मनिसी यांचे लेखन खोसा मूळ आणि इंग्रजी अनुवाद समोरासमोर ठेवून निघाले आहे. लव्हडेलचा छापखाना २००१ मध्ये बंद पडण्याच्या बेतात असताना तेथल्या कामगारांनीच तो विकत घेतला; आर्थिक अडचणी मात्र सुटल्या नाहीत आणि २०२० मध्ये कलावंत आथी-पात्रा रूगा यांनी त्याच्या बचावासाठी निधी उभारला. १८ एप्रिल २०२१ रोजी केप टाउन विद्यापीठाच्या जॅगर वाचनालयाला लागलेल्या आगीत आफ्रिका अभ्यास संग्रहातील हजारो छापील ग्रंथ जळाले. डिजिटल प्रतीचा आग्रह धरणाऱ्यांना त्यानंतर वेगळे पटवून द्यावे लागले नाही.

पुढचे काम मुख्यतः वाचनाचे आहे. ‘इसिगिदिमी’, ‘इम्वो’ आणि ‘उम्तेतेली’ यांचे अंक तीन वेगवेगळ्या लेखनपद्धतींच्या काळांतले असल्यामुळे संगणकीय शोधाला एकच शब्द अनेक रूपांत भेटतो, आणि एकोणिसाव्या शतकातील खोसा सहज वाचणारी माणसे विद्यापीठांपेक्षा ईस्टर्न केपच्या चर्चमध्ये आणि गायकमंडळांत अधिक आहेत. या माणसांना मानधन देऊन संग्रहांच्या सूचीकामात सामील करून घेणे, ध्वनिमुद्रणांच्या कार्डांवर केवळ ‘स्त्रियांचा समूह’ असे लिहिलेले असेल तेथे गावात जाऊन नावे विचारणे, आणि नियतकालिकांत अजून पडून असलेल्या कविता मूळ लेखनपद्धतीसह छापणे, ही कामे हातात घेतली गेली तर म्ग्वेथो यांच्यासारखी आणखी काही नावे याच बांधीव अंकांतून निघतील.